खाड्यांची वही

वसतिगृहात राहिलेल्या वाचकांना ‘खाडा’ म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. घरून ये-जा करणाऱ्या वाचकांसाठी एवढेच सांगते, की ज्या वेळी आपण मेसमध्ये जेवणार नसतो त्या वेळी वहीत आपल्या नावापुढे फुली पडते आणि महिनाअखेरीस तेवढ्या जेवणांचे पैसे बिलातून वजा होतात. गेल्या वर्षी ही वही माझ्याकडे होती. ‘कॉमर्सवाली आहे, हिशेब तीच ठेवील’ असे म्हणून मुलींनी ती माझ्या गळ्यात घातली आणि मीही ती मोठ्या तोऱ्यात सांभाळली. किराणा, भाजी, गॅस, स्वयंपाकाच्या अक्कांचा पगार. वर्षभरात एका रुपयाची चूक निघाली नाही.

त्याच वहीत माझ्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीच्या नावापुढे जुलै महिन्यात चार खाडे होते, ऑगस्टमध्ये अकरा आणि सप्टेंबरमध्ये तीस. दिवसाची दोन जेवणे धरली तर सप्टेंबरमधली निम्मी जेवणे ती जेवलीच नव्हती. ही बेरीज मी स्वतः केली, तिचे बिल स्वतः कमी केले आणि वर तिला हसत म्हणाले, “तुझं बरं आहे गं, बिलही कमी आणि वजनही कमी!”

आज हे वाक्य कागदावर उतरवताना संकोच वाटतो. हिशेब बिनचूक होता, पण तो काय सांगत होता हे मला कळले नाही. माझी मैत्रीण आजारी होती. हा आजार कोणता, तो का होतो, त्यावर उपचार काय, आणि शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या माणसाने काय करावे, हे मी नंतर शिकले. काही तिच्या डॉक्टरांकडून, काही तिच्या आईकडून आणि काही वाचनातून. मैत्रिणीने हा लेख वाचला आहे व तिच्या संमतीनेच तो छापावयास देत आहे. नाव आणि गाव तेवढे वगळले आहे.

हट्ट नव्हे, आजार

त्या वर्षी जूनमध्ये ती टायफॉइडमधून उठून वसतिगृहात परत आली. चांगलीच बारीक झाली होती. आम्ही साऱ्याजणींनी दारातच तिचे कौतुक केले. “किती छान दिसतेस!” लहानपणापासून घरीदारी ‘गुब्बी’ म्हणून चिडवली गेलेली मुलगी. दिसण्याबद्दल कोणी चांगले बोलण्याची तिच्या आयुष्यातील ती बहुधा पहिलीच वेळ असावी. आजारपणात आपोआप उतरलेले वजन परत चढू नये म्हणून तिने प्रथम भात सोडला. मग साखर, मग तेल. मग सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, संकष्टी. उपासाचे कारण विचारण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून कोणी विचारले नाही. आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात खरे, पण तिच्या एकादशीला साबुदाण्याचा दाणाही पोटात जात नसे.

या प्रकारच्या आजारांना मराठीत आहारविकार म्हणता येईल. वैद्यकशास्त्रात त्यांची ओळख जुनी आहे. लंडनचे डॉक्टर रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली अशा रुग्णांचे वर्णन केले होते. पुढे १८७३ साली लंडनमध्ये सर विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोघांनी स्वतंत्रपणे या आजाराविषयी लिहिले. गल यांनी त्याला ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. या नावाचा शब्दशः अर्थ मज्जासंस्थेमुळे भूक नाहीशी होणे. नाव रूढ झाले, पण ते थोडे फसवे आहे. निदान आजाराच्या सुरुवातीस या रुग्णाला भूक लागत नाही असे नसते. भूक लागते आणि तो तिच्याशी रात्रंदिवस झगडत असतो. वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरले तरी त्याला त्याचे गांभीर्य पटत नाही.

दुसरा प्रकार बुलिमियाचा. १९७९ साली लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी तो वेगळा आजार म्हणून मांडला. यात माणूस थोड्या वेळात, जणू स्वतःवर ताबाच नाही अशा रीतीने, भरमसाट खातो. मग अपराधी वाटून ते अन्न शरीराबाहेर टाकण्याचा किंवा अतिव्यायामाने, कडक उपासाने त्याची भरपाई करण्याचा प्रयत्न करतो. अशा व्यक्तीचे वजन पुष्कळदा सर्वसाधारण असते, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाला पत्ता लागत नाही. तिसऱ्या प्रकारात खाण्याचे असे झटके येतात, पण नंतरची ‘भरपाई’ नसते. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथात त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले. पाहणी झालेल्या अनेक देशांत तो पहिल्या दोहोंपेक्षा अधिक आढळतो, आणि त्यालाच लोक सर्वांत जास्त हसतात.

हे केवळ बारीक मुलींचे आजार आहेत हा समजही खरा नव्हे. ते मुलग्यांना होतात, लठ्ठ दिसणाऱ्यांना होतात, चाळिशीच्या गृहिणींना होतात. कारण एकच एक नसते. काही भाग आनुवंशिक असतो असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दिसते. काही भाग स्वभावाचा: सर्व काही अचूकच झाले पाहिजे असे वाटणारी, मनातून भित्री, अभ्यासात पुढे असणारी मुले अधिक सापडतात. आणि काही भाग भोवतालचा. अॅन बेकर या संशोधिकेने फिजी बेटांवरील शाळकरी मुलींची पाहणी केली. तिथल्या एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. त्या वेळी पाहणीतील एकाही मुलीने वजनासाठी ओकारी काढल्याचे सांगितले नव्हते. १९९८ साली ते सांगणाऱ्या मुलींचे प्रमाण ११.३ टक्के झाले. धष्टपुष्ट शरीर हे ज्या समाजात घरच्या सुबत्तेचे आणि मायेचे लक्षण मानत, तिथली ही गोष्ट आहे. आज तर पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे.

उपासमारीने मन बदलते

मला सर्वांत चकित केले ते मिनेसोटा येथील प्रयोगाने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपात उपासमार पसरली होती. उपाशी माणसांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे कळावे म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४-४५ मध्ये ३६ तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला. हे तरुण तत्त्व म्हणून लढाईस नकार देणारे होते. शरीराने व मनाने धडधाकट अशांचीच निवड केली होती. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले.

शरीराचे जे व्हायचे ते झालेच. थंडी वाजू लागली, नाडी मंदावली, शक्ती गेली. पण मनाचे जे झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेले पुरुष पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ताटातला घास तासन् तास चिवडत बसू लागले. विनोद संपला, मैत्री आटली, चिडचिड आणि उदासी वाढली. एकाग्रता होईना. पोटभर खायला मिळू लागल्यावरही काहींची खा-खा कित्येक महिने थांबली नाही.

हे वाचले तेव्हा माझ्यासमोर आमची खोली उभी राहिली. सप्टेंबरमध्ये मैत्रिणीने एक वही घातली होती. तिच्यात ती पाककृती उतरवून घेत असे: आमच्या बेळगावचा कुंदा, धारवाडी पेढा, तिच्या आजीची शेंगा होळगी. रविवारी इलेक्ट्रिक शेगडीवर आम्हाला उप्पीट करून आग्रहाने वाढायची आणि आम्ही खाताना आमच्या तोंडाकडे पाहत बसायची. स्वतः घास घेत नसे. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती स्वेटर घालून झोपे. आम्हाला वाटे, हिला स्वयंपाकाची आवड लागली. मिनेसोटाचे ते तरुण आणि आमची ही मैत्रीण यांच्यात ऐंशी वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे, पण उपाशी मेंदू सगळीकडे सारखाच वागतो.

या प्रयोगातून एक गोष्ट स्पष्ट होते. रुग्णाच्या वागण्यात आपल्याला जो हट्ट दिसतो, जे विचित्रपण दिसते, त्यातील बराच भाग आजाराच्या आधीचा नसून उपासमारीने निर्माण केलेला असतो. म्हणजे हे दुष्टचक्र आहे. कमी खाल्ल्याने विचार बिघडतो आणि बिघडलेला विचार आणखी कमी खायला लावतो. ‘आधी तिचे मन तयार होऊ दे, मग ती आपणहून खाईल’ असे आपण म्हणतो. पण उपाशी मेंदूकडून ही अपेक्षा करणे व्यर्थ आहे. म्हणून उपचाराचा क्रम उलटा असतो. आधी अन्न, आणि त्याच्या जोडीने मन.

अन्न हेच पहिले औषध

नोव्हेंबरमध्ये ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली. एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रक्त तपासले, सर्व आकडे ठीक आले, टॉनिक लिहून दिले आणि “परीक्षेची भीती आहे, नखरे आहेत” असे म्हणून परत पाठवले. पुढे कळले की रक्ताचे आकडे ठीक येणे हा या आजारात दिलासा नव्हे. शरीर शेवटपर्यंत आकडे सांभाळते. आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर उत्पन्न बंद झाल्यावर पेढी भांडवल मोडून देणी भागवत राहते; बाहेरच्यांना वाटते, धंदा ठीक चालला आहे. शरीरही स्नायू मोडते, हाडे झिजवते, पाळी बंद करते, हृदयाचे ठोके मंद करते आणि दिवस ढकलते. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यूदर असलेल्यांत अॅनोरेक्सियाची गणना होते. त्याच वयाच्या इतर लोकांच्या तुलनेत मृत्यूचा धोका सुमारे पाचपट असतो. त्यातील काही मृत्यू हृदय थांबून होतात, तर साधारण पाचांतील एक आत्महत्येने होतो.

आमच्या एका प्राध्यापिका बाईंनी तिला वर्गात शाल पांघरून बसलेली पाहिले होते. त्यांनी तिला बाजूला बोलावून घेतले. वजनाबद्दल एक शब्द न काढता “झोप लागते का? थंडी फार वाजते का? घरी बोलावंसं वाटतं का?” एवढेच विचारले. तिथे ती प्रथम रडली. बाईंनीच तिच्या आईवडिलांना बोलावून धारवाडला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले.

तिथे पहिले काम शरीराचे. नाडी, पडून आणि उभे राहून घेतलेला रक्तदाब, हृदयाचा आलेख, रक्तातील पोटॅशियम व फॉस्फेट. ज्याला वारंवार ओकारी होते त्याचे पोटॅशियम उतरते आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून ही तपासणी टाळता येत नाही. प्रकृती फार खालावली असेल तर रुग्णालयात ठेवतात.

इथे एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फार दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. अन्न मिळताच शरीर रक्तातले फॉस्फेट आणि इतर क्षार झपाट्याने पेशींत ओढून घेते, आणि हृदय व श्वसन यांवर प्राणघातक परिणाम होऊ शकतो. महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिले. म्हणून प्रकृती खालावलेल्या रुग्णाचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, पायरी पायरीने वाढवतात. मायेने वाढलेले ताटही इथे वैद्याच्या सल्ल्यानेच वाढावे लागते.

घरचे गुन्हेगार नव्हेत

उपचाराच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल आईवडिलांच्या बाबतीत झाला आहे. १८७३ साली गल यांचे मत असे होते की अशा रुग्णाची शुश्रूषा करण्यास नातेवाईक सर्वांत अयोग्य. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे मुलीला घरापासून दूर ठेवणे हाच उपचाराचा भाग मानला गेला, आणि दोष आईच्या माथी मारला गेला.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात हे चित्र पालटले. तिथल्या डॉक्टरांनी विचार केला की रुग्णालयात परिचारिका जे करतात, म्हणजे शेजारी बसून, न रागावता पण न डगमगता एकेक घास खाऊ घालणे, ते आईवडील का करू शकणार नाहीत? रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ८० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला होता व ज्याला तीन वर्षे उलटली नव्हती, अशा अॅनोरेक्सियाच्या रुग्णांना कुटुंबासह केलेल्या उपचाराचा लाभ अधिक झाला. आज किशोरवयीन रुग्णांसाठी या पद्धतीला अग्रमान आहे.

तिचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात जेवणाची सर्व सूत्रे आईवडिलांच्या हाती. काय, किती, केव्हा खायचे हे तेच ठरवतात. त्यावर वाद नाही आणि शिक्षाही नाही. दुसऱ्या टप्प्यात वजन सावरले की सूत्रे हळूहळू मुलाच्या हाती परत. तिसऱ्यात त्या वयाचे जे प्रश्न आजारामुळे बाजूला राहिले, शिक्षण, मैत्री, स्वातंत्र्य, त्यांच्याकडे वळायचे. सहा महिने ते वर्षभर हे चालते. यातला पाया असा, की आजार कोणामुळे झाला याचा शोध बाजूला ठेवायचा, आणि मुलगी व आजार या दोन वेगळ्या गोष्टी मानायच्या. लढायचे ते आजाराशी, मुलीशी नव्हे.

माझी मैत्रीण वयाने थोडी मोठी, तरी डॉक्टरांनी याच धर्तीवर घरच्यांना कामाला लावले. तिने एक सत्र सोडले. वडिलांनी शेताची पहाटेची फेरी दुसऱ्यावर सोपवून नाश्त्याला घरी बसायला सुरुवात केली. मी संक्रांतीच्या सुमारास तिच्या घरी दोन दिवस राहून आले. ताटात एक रोट्टी, पल्ल्या, भात, सारू. त्या ताटापुढे ती पाऊण तास बसली होती. मध्येच डोळे भरून यायचे, मध्येच ती आईवर ओरडायची. अव्वा एवढेच म्हणत, “अवघड आहे, मला माहीत आहे. मी इथेच बसले आहे.” आणि मग शेजारणीच्या म्हशीची, यल्लम्माच्या जत्रेची, काहीतरी गोष्ट. नंतर मागच्या पडवीत मला म्हणाल्या, “तापात औषध कडू लागतं म्हणून पोरीला सोडून देतो का आपण? हेही तसंच.” कमी शिकलेल्या त्या माउलीने मॉड्स्लीची पद्धत एका वाक्यात सांगितली.

आपल्या भागात कन्नडमध्ये भेटल्यावर विचारतात, “ऊट आतेनु?” मराठीत आपण विचारतो, “जेवलीस का?” दोन्ही भाषांत हा खरे तर नमस्कारच आहे. पण या आजाराच्या माणसाला त्यातून पोलिसी चौकशी ऐकू येते. म्हणून अव्वांनी तो प्रश्न विचारणे सोडून दिले होते. त्या म्हणत, “चल, ऊट माडोण.” चल, जेवू या.

मनाचा हिशेब

मोठ्या वयाच्या रुग्णांसाठी, आणि विशेषतः बुलिमिया व खाण्याच्या झटक्यांसाठी, विचार आणि वर्तन यांवर काम करणारी एक उपचारपद्धती आहे. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी ती घडवली. साधारण वीस आठवडे, वीस बैठकी. तिचा आरंभ मला, एका हिशेबनिसाला, फार ओळखीचा वाटला. कारण रुग्णाला रोज एक नोंद ठेवायला सांगतात. काय खाल्ले यापेक्षा केव्हा, कुठे, आणि त्या वेळी मनात काय चालले होते याची ती नोंद. जणू मनाची कीर्द. त्यातून कळते की बेताल खाण्याचा झटका बहुतेक वेळा लांबलेल्या उपासामागून येतो. म्हणून पहिला नियम: ठरल्या वेळी तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, भूक असो वा नसो. ‘काल जास्त खाल्ले म्हणून आज उपास’ ही भरपाईच रोगाला पोसते. पुढे वजनावरून स्वतःची किंमत ठरवण्याच्या सवयीवर काम होते.

औषधांचे स्थान मर्यादित आहे. फ्लुऑक्सेटिन हे औषध बुलिमियात उपयोगी पडते. अॅनोरेक्सिया मुळातून बरा करील असे औषध मात्र अद्याप नाही. उदासी किंवा चिंता सोबत असेल तर त्यासाठी औषधे देतात. आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, शरीराचे डॉक्टर आणि घर, असे सर्वांनी मिळून करावयाचे हे काम आहे.

आणि गुण येतो. पण वेळ लागतो. बॉस्टनमध्ये अॅनोरेक्सिया व बुलिमिया झालेल्या स्त्रियांचा दोन तपांहून थोडा कमी काळ पाठपुरावा करण्यात आला. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. अॅनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी नऊ वर्षांनी सुमारे ३१ टक्के पूर्ण बऱ्या झाल्या होत्या, तर बावीस वर्षांनी सुमारे ६३ टक्के. याचा अर्थ, उशीर झाला म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही. लवकर सुरुवात केली तर मात्र इतकी वर्षे वाया जाण्याचा संभव कमी होतो.

आपल्याकडे का ओळखला जात नाही

‘हे पाश्चात्त्यांचे, श्रीमंतांचे आजार’ असे पुष्कळांना वाटते. दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ साली पाच भारतीय तरुणींची हकीकत प्रसिद्ध केली. अन्न नाकारणे, ओकाऱ्या, वजन उतरणे, पाळी बंद होणे ही लक्षणे होती, पण बहुतेकींना ‘मी जाड आहे’ असे वाटत नव्हते. हाँगकाँगमध्येही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. आपल्याकडे असा रुग्ण ‘पोट फुगते’, ‘घशाखाली उतरत नाही’, ‘उपास आहे’, ‘पित्त होते’ या भाषेत बोलतो. मग पोटाचे डॉक्टर होतात, अंगारा होतो, दृष्ट काढणे होते. लग्नाच्या बाजारात बारीकपणाला भाव असल्याने काही घरी तर समाधानच मानतात. या सगळ्यात महिने निघून जातात.

आपण काय करावे

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, शेवटी हे सांगण्यासाठीच लेखाचा प्रपंच. मी जे चुकले त्यावरून काही गोष्टी सांगते.

कोणाच्याही शरीरावर शेरा मारू नये. निंदेचा नको तसा स्तुतीचाही नको. बरी होऊ लागलेल्या मुलीला “आता कशी छान भरलीस” म्हटले तर तिला त्यातून ‘जाड झालीस’ एवढेच ऐकू येते. मी हे एकदा म्हणाले आणि तिने रात्रीचे जेवण टाकले.

ताटावर पहारा करू नये, सोबत करावी. शेजारी बसून आपले जेवण नीट जेवावे, आणि सिनेमा, निकाल, क्रिकेट, काहीही बोलावे, अन्न सोडून.

संशय आला तर एकांतात, दोषारोप न करता बोलावे. “तू जेवत नाहीस” याऐवजी “तू हल्ली दमलेली दिसतेस, मला काळजी वाटते” असे म्हणावे. ती रागावेल, नाकारील. तरी दार उघडे ठेवावे.

चक्कर, छातीत धडधड, वारंवार ओकारी, किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे यांपैकी काही आढळले तर गुपित ठेवू नये. घरच्यांना किंवा प्राध्यापकांना त्याच दिवशी सांगावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. मैत्रीत शब्द मोडला असे होत नाही.

प्राध्यापक महोदयांना विनंती एवढीच, की हुशार, अबोल, कधी तक्रार न करणाऱ्या विद्यार्थ्याकडेही अधूनमधून पाहावे. आमच्या बाईंनी विचारलेले तीन साधे प्रश्न शेकडो रुपयांच्या तपासण्यांपेक्षा मोलाचे ठरले.

मदत कुठे मिळेल? धारवाडला डिमहान्स ही सरकारी संस्था आहे, बेंगळूरला निम्हान्स आहे, गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, आपल्या भाषेत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी यंत्रणेतून असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

माझी मैत्रीण यंदा जूनमध्ये परत आली. पूर्ण बरी झाली असे डॉक्टर अजून म्हणत नाहीत. महिन्यातून एकदा धारवाडला जाते. काही दिवस कठीण जातात. परीक्षेच्या आधी विशेष. पाककृतींची वही तिने अक्कांना देऊन टाकली आणि अक्कांनी त्यातली शेंगा होळगी श्रावणात सगळ्यांना करून वाढली. तिने एक खाल्ली. दुसरी अर्धी माझ्या ताटात टाकली. एवढे चालते.

मेसची वही आता दुसऱ्या मुलीकडे आहे. परवा बेरजेला मदत करायला म्हणून मी ती उघडली आणि नकळत त्या नावावर नजर गेली. महिन्यात दोन खाडे होते. मी काही विचारले नाही. तिनेच मागून येऊन वहीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “दोन्ही दिवस मामाकडे जेवले. हिशेब लिही.”

(बी. कॉम., तृतीय वर्ष)